खडकाचें कुरण

आमच्या खुटबावाहून भुलेश्वराच्या डोंगराच्या दिशेनें निघालें म्हणजे उंसाचे मळे मागें पडतात व मुरमाड माळ लागतो. त्या माळावरच्या पायवाटा ज्यानें पाहिल्या असतील, त्यास या लेखांतील निम्मा सिद्धांत आम्हीं सांगण्यापूर्वींच ठाऊक आहे. श्रावणांत सगळा माळ हिरवा होतो, पण पायवाट पांढरीच राहते. दोन्ही बाजूंस हातभर अंतरावर गवत गुडघ्याला लागतें आणि मध्यें मात्र काडीहि उगवत नाहीं. ही वाट कोणी खणलेली नसते, नांगरलेली नसते, जाळलेली नसते. ती नुसत्या पायांनीं झालेली असते. ती सोडून दुसरीकडून जाण्याचा प्रघात पडला तरी जुनी वाट पुढें कित्येक वर्षें ओळखूं येते. एवढें ज्ञान आमच्याकडील गुराख्याच्या पोरासहि असतें. परंतु हाच न्याय समुद्रकांठच्या खडकास लागू करावा असें आम्हीं म्हटलें, तेव्हां आमच्या सुशिक्षित स्नेह्यांनीं आमचें बोलणें हंसण्यावारी नेलें. त्या हंसण्यास उत्तर द्यावें म्हणून हा लेख.

प्रसंग असा घडला. आमच्या महाविद्यालयाची सहल हरिहरेश्वरास गेली. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. प्राणिशास्त्राशीं आमचा संबंध तोंवर वर्तमानपत्रापुरताच होता. तरी वयानें वडील म्हणून साठ मुलामुलींचें पालकत्व आमच्याकडे आलें. ताम्हिणी घाट उतरून, माणगांवावरून श्रीवर्धनच्या बाजूस आम्ही पोंचलों तेव्हां ओहोटी लागली होती. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ज्यांनीं केली आहे त्यांस ती जागा सांगावयास नको. देवळामागच्या टेकडीवरून कड्यांच्या खिंडींतील पायऱ्या उतरलें म्हणजे एकदम समुद्र पुढें येतो. आणि मग डोंगराच्या पायथ्यानें, लाटांनीं कापून सपाट केलेल्या काळ्या खडकावरून देवास उजवी घालीत परत यावें लागतें. कड्यास मधाच्या पोळ्यासारखीं भोंकें पडलेलीं आहेत. भरतीच्या वेळीं ही वाट पाण्याखालीं असते, म्हणून प्रदक्षिणेची वेळ पंचांगापेक्षां समुद्रच ठरवितो.

आमच्या मुलांपैकीं निम्म्यांनीं समुद्र प्रथमच पाहिला. तीं वाट सोडून खडकभर पांगलीं. कोणी खळग्यांत हात घातला, कोणी दगड उलथून खालचे खेकडे पळवून लावले, कोणी बुळबुळीत शेवाळावरून घसरून सर्वांस हंसविलें. आम्ही हें कौतुकानें पाहत उभे होतों. त्यांस थांबवावें हें आमच्या मनांतहि आलें नाहीं. एका मुलीनें पाण्याच्या बाटलींत एक तारामासा घातला. परतीच्या वाटेवर घाट चढतांना तिनें बाटली उघडली आणि गाडीभर घाण सुटली. ती रडवेली होऊन आमच्याकडे आली व म्हणाली, “सर, हा तिथं किती वर्षं होता असेल?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें अध्यापकांच्या खोलींत ही गोष्ट आम्हीं सांगितली, आणि येथून पुढें मुलांस असें मोकळें सोडूं नये, असें सुचविलें. त्यावर आमचे एक विद्वान् स्नेही म्हणाले, “अहो, ज्या खडकाला सबंध पावसाळा कांहीं करूं शकत नाहीं, त्याला आपल्या पोरांच्या चपला काय करणार?” बाकीचे मोठ्यानें हंसले. दुसरे म्हणाले कीं, सृष्टि आपली जखम आपणच भरून काढते. तिसरे म्हणाले, फारच वाटत असेल तर पुढच्या वर्षीं गर्दी नसलेल्या एखाद्या नव्या किनाऱ्यावर जाऊं. हे तीन आक्षेप तिघांचेच नव्हेत. समुद्राकांठीं जाणाऱ्या बहुतेक सर्व शहाण्या माणसांच्या मनांत तेच असतात. म्हणून त्यांचा क्रमानें परामर्श घेणें अवश्य आहे.

प्रथम हा खडक म्हणजे काय तें पाहूं. ज्यास आपण नुसता दगड म्हणतों तो भरती व ओहोटी यांच्या रेषांमधला एक दाट वसलेला गांव आहे. वरच्या अंगास, जेथें उधाणाचेंच पाणी पोंचतें, तेथें बारीक शंखांचे प्राणी फटी धरून राहतात, त्याखालीं चुन्याच्या लहान लहान सुळक्यांसारखे दिसणारे बार्नेकल, त्याखालीं कालवें, आणि अगदीं खालीं, भांगाच्या ओहोटीसहि जेथील पाणी हटत नाहीं त्या कांठावर, समुद्रशैवालाचे गुच्छ, स्पंज, समुद्रफुलें व कोठें कोठें प्रवाळ. प्रत्येकाची जागा ठरलेली. किती वेळ उन्हांत तग धरतां येतो आणि शेजाऱ्याशीं किती झगडतां येतें, या दोन गोष्टींवर ती ठरते. कालवाचें पिलूं कांहीं दिवस पाण्यांत तरंगतें, मग एकदां खडकास चिकटतें तें जन्मभरासाठीं. त्यास उठून दुसरीकडे जातां येत नाहीं. दिवसांतून दोन वेळां पाणी जातें, दोन वेळां येतें, आणि पाणी गेल्यावर जे तास उरतात तेच नेमके आपल्या सहलीचे तास असतात. म्हणजे ज्या वेळीं हे प्राणी कवच मिटून, श्वास धरून, कसेबसे दिवस काढीत असतात त्याच वेळीं आपण त्यांच्या छपरावरून चालतों.

आतां पहिला आक्षेप. पावसाळ्याच्या लाटा सोसणारा खडक पाय कां सोसणार नाहीं? हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो; परंतु त्यांत खडक आणि खडकावरचा जीव यांची गफलत आहे. खडकास आपल्या चपलांनीं कांहीं होत नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. प्रश्न त्यावर राहणाऱ्यांचा आहे. त्यांची घडण लाटेसाठीं झालेली आहे. लाट ओढते, म्हणून शैवाल लवतें. लाट उपटूं पाहते, म्हणून कालव घट्ट धरतें. लाटेचें पाणी अंगावरून दोन्ही बाजूंस वाहून जातें, म्हणून बार्नेकलाचें कवच निमुळतें असतें. पण साठ किलो वजनाचा माणूस टांचेच्या चार बोटें जागेवर सरळ वरून उभा राहतो, तें ओझें लाटेच्या जातीचें नव्हे. कोट्यवधि वर्षें ज्यानें वाऱ्याशीं झुंजावयास शिकलें त्यानें एके दिवशीं वरवंट्याशींहि झुंजावें, असें म्हणण्यासारखें तें आहे. आणि उलथलेल्या दगडाची गोष्ट तर लाटेशीं जोडतांच येत नाहीं. दगडाच्या खालच्या बाजूस अंधारांत व ओलाव्यांत राहणारे जीव वर उन्हांत येतात, वरचे खालीं चेपले जातात. आणि खेकडा पाहून झाल्यावर तो दगड पूर्ववत् ठेवणारा पर्यटक आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

शिवाय ज्या पावसाळ्याचा दाखला स्नेह्यांनीं दिला, तोच त्यांच्याविरुद्ध जातो. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर आषाढ-श्रावणाचा मारा ओसरल्यावर खडकावर पुन्हां उगवण सुरू होते, आणि समुद्रशैवालाचा भर येतो तो शरद् ऋतूपासून वसंतापर्यंत. पावसाळा हा या खडकाचा नांगरणीचा काळ, आणि त्यानंतरचे महिने पिकाचे. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्या, नाताळच्या सुट्ट्या व महाविद्यालयांच्या सहली नेमक्या त्याच महिन्यांत येतात. शेतकऱ्यास कोणी असें सांगेल काय, कीं तुझें रान उन्हाळ्यांत नांगर सोसतें, मग ज्वारी पोटरीवर आली असतां आम्हीं तींतून चाललों तर बिघडलें कोठें?

दुसरा आक्षेप सृष्टीच्या स्वयंचिकित्सेचा. येथें आम्हीं मागच्या वर्षभरांत जें वाचलें तें थोडक्यांत मांडतों. न्यूझीलंडच्या दक्षिण भागांत शील व टेलर या दोन संशोधकांनीं मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या एका तपकिरी समुद्रशैवालावर मोजून पावलें टाकलीं व १९९९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अवघ्या १० पावलांनीं त्या शैवालाचें आच्छादन २५ टक्क्यांपर्यंत घटलें, आणि एकाच ओहोटींत २०० पावलें टाकलीं तेथें ९० टक्क्यांहून अधिक नाहींसें झालें. अमेरिकेंतील ओरेगॉनच्या किनाऱ्यावर ब्रॉस्नन व क्रमराइन यांनीं वर्षभर दरमहा २५० पावलें टाकून पाहिलीं. त्यांचा लेख १९९४ चा आहे. तेथें एक विलक्षण गोष्ट दिसली. शिनाण्यांच्या जातीचे जे शिंपले एकमेकांस धाग्यांनीं बांधून खडकावर थर करून राहतात, त्यांच्या थरांत पायांनीं भोंक पाडल्यावर पावलें थांबलीं तरी भोंक वाढतच राहिलें. शेजाऱ्याचा आधार गेला म्हणून लाटेनें पुढचा शिंपला उपटला, मग त्यापुढचा. दोन वर्षांनींहि तो थर पूर्ववत् झाला नाहीं. सृष्टि जखम भरून काढते हें खरें. पण जखम किती खोल आहे आणि भरण्यास सवड मिळते कीं नाहीं, या दोन अटी त्या वाक्यास आहेत, आणि आपले लोक वाक्य लक्षांत ठेवून अटी विसरतात. ज्या खडकावर दर शनिवारीं नवी गाडी उतरते त्यास सवड केव्हां मिळावी?

याहून महत्त्वाची गोष्ट दक्षिण अमेरिकेंतील चिलीमध्यें घडली. तेथें लास क्रूसेस या ठिकाणीं विश्वविद्यालयाच्या सागरी प्रयोगशाळेपुढील खडकाचा एक भाग १९८२ च्या सुमारास कुंपण घालून माणसांस बंद करण्यांत आला. बाहेरच्या खडकावरून लोक पूर्वींप्रमाणेंच शंखशिंपले गोळा करीत राहिले. थोड्याच वर्षांत आंतला खडक बाहेरच्या खडकासारखा दिसेनासा झाला. लोक जो मोठा मांसाहारी शंख खाण्यासाठीं नेत, तो आंत वाढला. त्यानें शिंपल्यांचे थर खाऊन मोकळे केले. त्या मोकळ्या जागीं बार्नेकल आले. सगळ्या वस्तीची मांडणीच बदलली. म्हणजे तोंवर ज्यास सर्वजण त्या किनाऱ्याचें स्वाभाविक रूप समजत होते, तें वस्तुतः माणसाच्या हातापायांनीं घडलेलें रूप होतें. आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपाचें मूळच येथें तुटतें. “आम्ही तर लहानपणापासून जातों, किनारा जसाच्या तसा आहे,” असें म्हणणारा जें पाहतो ती पायवाट आहे. माळ त्यानें पाहिलेलाच नाहीं. आमच्याकडे तुलना करावयास एकहि बंद तुकडा नसल्यामुळें त्याचें म्हणणें खरें कीं खोटें हें त्यास स्वतःसहि कळण्याचा मार्ग नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. गर्दी पांगवा, नव्या नव्या किनाऱ्यांवर जा, एका ठिकाणीं ओझें टाकूं नका, असा उपदेश पर्यटनाच्या जाहिराती करतात आणि सज्जन माणसें मान डोलावतात. निम्मी गर्दी म्हणजे निम्मी हानि, असा यांत हिशेब गृहीत धरलेला आहे. तो हिशेब चुकीचा आहे. वर दिलेले न्यूझीलंडचे आंकडेच घ्या. पहिल्या १० पावलांनीं २५ टक्के जाऊं शकतात, म्हणजे दर पावलीं अडीच टक्के. पुढच्या १९० पावलांनीं उरलेले ६५ टक्के जातात, म्हणजे दर पावलीं सुमारें एक तृतीयांश टक्का. आतां २०० पावलें एकाच जागीं टाकलीं तर एका जागेचा नाश झाला. तींच २०० पावलें वीस जागांवर दहा-दहा वांटलीं, तर वीस जागांपैकीं प्रत्येकीचा चतुर्थांश, म्हणजे पांच जागांइतका नाश झाला. हा हिशेब अर्थात् ढोबळ आहे आणि प्रत्येक जीवास सारखा लागणार नाहीं. पण त्याची दिशा चुकत नाहीं, आणि माळावरील गवताचाहि अनुभव तोच आहे. पहिलीं पावलें सर्वांत महाग पडतात. ज्या माळावरून सगळे एकाच वाटेनें जातात त्याची एक पट्टी मरते व माळ जगतो. ज्यावरून जो तो आपल्या मर्जीनें जातो तो सबंध माळ खरवडला जातो. म्हणून “अस्पर्श किनारा” म्हणून जाहिरात झालेल्या जागीं उतरणारा पहिला पर्यटक हा शेवटच्यापेक्षां अधिक नुकसान करतो, असें आम्ही म्हणतों आणि तें शब्दशः म्हणतों.

येथें हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेकडे पुन्हां वळूं. आमच्या एका पुरोगामी मित्रानें मध्यंतरीं सुचविलें कीं, खडक वांचवावयाचा तर आधीं ही प्रदक्षिणाच बंद करावी. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं, आणि केवळ श्रद्धेच्या भिडेनें नव्हे. प्रदक्षिणा म्हणजे एक ठरलेली रेषा. भाविक त्या रेषेनें जातो, मधल्या वस्तूस पाय लावीत नाहीं, समुद्र परवानगी देईल तेव्हांच निघतो आणि परत येतो. किनाऱ्यावर माणसानें कसें वागावें याचा इतका उत्तम नियम कोणत्याहि शास्त्रज्ञानें लिहिलेला आम्हीं वाचला नाहीं. बिघाड होतो तो प्रदक्षिणेनें नव्हे. प्रदक्षिणेची वाट सोडून फोटोसाठीं, खेकड्यांसाठीं व नुसत्या मोकळेपणासाठीं चहूंकडे पांगणाऱ्या आमच्यासारख्यांनीं होतो. वाट राहूं द्यावी. वाटेच्या बाजू राखाव्या.

आतां एक आक्षेप असा आहे कीं तो आम्हीं स्वतःच स्वतःवर घेतला पाहिजे. किनाऱ्याचे खरे शत्रु पाय आहेत काय? मुंबईंत किनारी रस्त्यासाठीं समुद्रांत भराव घातला गेला. त्यासाठीं हाजी अली व वरळी येथील प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावण्याची वेळ २०२० सालीं आली. शहरांचें सांडपाणी, बंदरें, गाळ आणि तापत चाललेला समुद्र यांच्यापुढें चपलेची काय कथा? हें सर्व खरें आहे. आणि जो अधिकारी एका हातानें भरावाच्या कागदावर सही करतो व दुसऱ्या हातानें “खडकावर चालूं नका” अशी पाटी लावतो, त्याची तरफदारी आम्ही करणार नाहीं. परंतु दरोडा पडला म्हणून चोरी क्षम्य होत नाहीं. जो खडक आधींच सांडपाण्यानें व उष्णतेनें खचलेला आहे त्यावर पाय देणें हें निरोग्यावर पाय देण्यापेक्षां वाईट. शिवाय भराव थांबविणें आपणां प्रत्येकाच्या हातीं नाहीं, आपला पाय आवरणें मात्र आहे. कायद्याची मदत येथें फारशी नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें कठीण प्रवाळास सर्वोच्च संरक्षण दिलें आहे. किनारा-नियमनाच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनीं भरती-ओहोटीमधला पट्टा सर्वांत कडक वर्गांत घातला आहे. पण हे कायदे भिंतीस अडवितात, पायास अडवीत नाहींत. आणि पायास पोलिसानें अडवावें अशी आमची इच्छाहि नाहीं.

त्याचें कारण मालवण. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्गाभोंवतालचें तें पाणी राखण्यास सर्वथा योग्य होतें. पण ज्यांचीं जाळीं त्या पाण्यांत पडत होतीं त्यांस, ही रेघ आपल्या पोटावरून ओढली गेली, असें वाटलें आणि त्यांचा विरोध वर्षानुवर्षें चालला. दरम्यान पाण्यांत डोकावून प्रवाळ पाहणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढत गेली, आणि त्यांचे पाय त्याच प्रवाळावर पडूं लागले. कागदावरील संरक्षणानें कोळ्यास परकें केलें आणि पाहुण्यास मोकळें सोडलें, असा याचा अर्थ. हीच चूक खडकावर होऊं नये. ओहोटीच्या वेळीं लोखंडी हत्यारानें कालवें काढणारी बाई आणि आमच्या सहलींतला विद्यार्थी हे दोघे खडकावर दिसतात म्हणून दोघांस एकाच मापानें मोजणें हा अन्याय आहे. ती बाई तेथून संध्याकाळचें कालवण व चार पैसे नेते. आम्ही बाटलींतली दुर्गंधी आणली. चिलीच्या अनुभवावरून गोळा करण्यानेंहि किनारा बदलतो हें स्पष्ट आहे, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. पण त्याविषयीं बोलण्याचा पहिला अधिकार तिचा, आणि माघार घेण्याचें पहिलें कर्तव्य आमचें.

मग करावें काय? आमचें उत्तर एका जुन्या मराठी शब्दांत आहे: कुरण. आमचा हा टापू पूर्वीं भीमथडी म्हणून ओळखला जाई आणि येथील तट्टें फौजेंत नांवाजलेलीं होतीं. तीं तट्टें उघड्या माळावर पोसलीं गेलीं नाहींत. कुरणें राखून पोसलीं गेलीं. कुरण राखणें म्हणजे पावसाच्या आरंभापासून गवत कापणीपर्यंत माळाचा एक तुकडा गुरांस व माणसांस बंद ठेवणें. सगळा माळ कोणी कुरण करीत नसे, नाहींतर गुरें उपाशी मेलीं असतीं. सगळा माळ कोणी मोकळाहि सोडीत नसे, नाहींतर पुढच्या वर्षीं गुरें उपाशी मेलीं असतीं. तुकडा लहान असला तरी चालतें. आमच्या शेजारीं सुप्याचें मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं झालें. त्याचें क्षेत्र अवघें ५.१४ चौरस किलोमीटर, आणि त्यांत चिंकारा हरणें आजहि धावतात. समुद्रासहि ही कल्पना परकी नाहीं. जून व जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्रांत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून होडी लोटूं नये हा कोळ्यांचा संकेत कोणत्याहि सरकारी बंदीहून जुना आहे. पाण्यास विसांवा देण्याची रीत आपल्याकडे आहे. खडकास विसांवा देण्याची मात्र अजून नाहीं.

म्हणून आमची मागणी अशी. ज्या ज्या किनाऱ्यावर सहली उतरतात तेथें खडकाचा एक तुकडा, तिसरा हिस्सा म्हणा, ग्रामसभेनें कोळी व कालवें काढणाऱ्या बायका यांच्याशीं बसून निवडावा आणि निदान तीन वर्षें पर्यटकांस पूर्ण बंद ठेवावा. उरलेल्या खडकावर एक वाट आंखून द्यावी आणि सर्वांनीं त्याच वाटेनें जावें. ती वाट मेली तरी चालेल. कुंपणाच्या तारेपेक्षां रंगानें काढलेली रेघ व गांवचा माणूस पुरे. त्या माणसाचा रोज सहली आणणाऱ्या संस्थांनीं द्यावा. आणि त्या बंद तुकड्याचीं व शेजारच्या मोकळ्या तुकड्याचीं ठराविक जागांवरून दरवर्षीं छायाचित्रें घ्यावीं. हें काम महाविद्यालयांचें आहे. त्यास यंत्र नको, अनुदान नको. एक हात लांबीची लाकडी चौकट आणि दरसाल एक ओहोटी पुरे. तीन वर्षांनीं आमचें म्हणणें खोटें ठरलें तर रेघ पुसून टाकावी.

कोणी म्हणेल कीं, मुलांस खडकावर जाऊं दिलें नाहीं तर त्यांस समुद्राविषयीं प्रेम कसें वाटणार? या प्रश्नांत तथ्य आहे. मुंबईंत २०१७ सालापासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमाची मंडळी नागरिकांस ओहोटीच्या वेळीं गिरगांव, जुहू, हाजी अली अशा किनाऱ्यांवर नेऊन तेथील जीव दाखवितात, आणि ज्या समुद्रास मुंबईकर गटार समजत होता त्यांत प्रवाळ आहे हें त्यांनीं त्यास डोळ्यांनीं पाहावयास लाविलें. अशा फेरीविरुद्ध आमची तक्रार नाहीं. उलट आमची सहलच तशी व्हावी असें आमचें म्हणणें आहे. वाटाड्या जाणता असावा, मुलें थोडीं असावींत, पाय कोठें ठेवावा हें आधीं सांगितलेलें असावें, कांहीं उचलूं नये. साठ मुलें मोकळीं सोडून एक प्राध्यापक कौतुकानें पाहत उभा आहे, याला निसर्गाचें शिक्षण म्हणत नाहींत. प्रेम पाहण्यानें जडतें; तुडविण्यानें जडतें असा अनुभव आम्हांस तरी नाहीं.

पुढच्या हिंवाळ्यांत आमची सहल पुन्हां हरिहरेश्वरासच जाईल. नवा किनारा आम्हीं शोधलेला नाहीं, आणि तो कां शोधला नाहीं हें वर सांगितलेंच आहे. मुलें वीस असतील. तीं प्रदक्षिणेच्या वाटेनें जातील आणि त्याच वाटेनें परत येतील. ही अट आम्हीं घातली तेव्हां तीन विद्यार्थ्यांनीं नांवें परत घेतलीं, हें प्रांजळपणें नमूद करतों. त्या मुलीनें मात्र आपलें नांव पहिलें दिलें आहे. तिच्या प्रश्नाचें उत्तर अजून आमच्यापाशीं नाहीं. तारामाशाचें वय वरून पाहून सांगतां येत नाहीं, एवढें आम्हांस आतां कळलें आहे. आमच्या विद्वान् स्नेह्यांसहि बरोबर येण्याचें निमंत्रण आहे. त्यांनीं यावें, प्रदक्षिणेची वाट व तिच्या बाजूचा खडक शेजारीं शेजारीं पाहावा, चौकट टाकून मोजावें, आणि मग आमचें म्हणणें खोडून काढावें. तोंवर त्यांचें हंसणें हा आक्षेप आम्ही धरीत नाहीं.